नाकमुरडे मिस्त्रींचे पिंप

हे दयाघना, तू सर्वत्र आहेस असे आम्ही म्हणतो आणि हात मात्र स्वच्छ जागी जोडतो. फुलात तू आहेस हे सांगताना आमची जीभ अडत नाही; पण तेलकट चिंधीत, गटाराच्या तोंडाशी, कुजलेल्या पाइपाच्या पोटात तू आहेस असे म्हणायची वेळ आली की आमचे नाक आधी वर जाते. जो अग्नीत दाह होऊन राहिला, आणि त्या दाहाला आवरणारे पाणीही जो स्वतःच झाला, त्या तुला आधी नमस्कार. मग तुझ्या एका लेकराची गोष्ट. त्याचे नाक तूच घडवलेस, त्या नाकावर माशी बसू न देणारा तोराही तूच दिलास, आणि एका दिवसात तो तूच उतरवून घेतलास.

त्यांना सारी गल्ली नाकमुरडे मिस्त्री म्हणे. टोपणनाव इतके मुरले होते की ते आडनावच वाटे. नवखे गिऱ्हाईक गॅरेजच्या दाराशी येऊन अदबीने विचारी, "नाकमुरडेसाहेब आहेत का?" आणि मिस्त्री "आहेत" म्हणत, नाक मुरडीतच बाहेर येत.

काय सांगावी त्या नाकाची कीर्ती! गाडी दारात थांबली की बोनेट उघडण्याआधी मिस्त्री तिच्याभोवती एक फेरी मारीत आणि नुसता वास घेत. जळके तेल, तापलेला क्लच, सीटखाली मेलेला उंदीर, मागच्या आठवड्यात सांडलेले दूध, सारे त्यांना फेरी पुरी होण्याआत कळे. कळले की ते म्हणत, "शी!" हा त्यांचा मंत्र होता. दुसऱ्या मिस्त्रीने चिकटपट्टी गुंडाळलेला पाइप दिसला, शी. क्लॅम्पच्या जागी तार पिळलेली दिसली, शी शी. घाणीचा त्यांना राग येई, आणि घाण करणाऱ्या माणसाचा त्याहून अधिक. त्यांच्या भिंतीवर नटबोल्टांचे पाने आकाराने ओळीत टांगलेले असत. हात पुसायच्या चिंध्या धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेल्या असत. बायको म्हणे, "आमच्याकडे पाहुण्यांच्या टॉवेलापेक्षा गाडीच्या चिंध्या पांढऱ्या."

आणि गॅरेजच्या कोपऱ्यात होते ते पिंप. निळे, कमरेइतके उंच, झाकणावर धुतलेले फडके. त्यात हिरवे कूलंट भरलेले असे. कूलंट म्हणजे काय, सज्जनहो? इंजिनाच्या पोटात आग पेटते; त्या आगीभोवती जे पाणी फिरत राहते, तिचा ताप आपल्या अंगावर घेते आणि पुढच्या रेडिएटरच्या जाळीत जाऊन निववते, ते हे औषधी पाणी. बावीस वर्षांपूर्वी दुकान थाटले तेव्हा मिस्त्रींच्या आईने सांगितले होते, "पाणी मागणाऱ्याला नाही म्हणू नकोस, आणि पाण्याचं काही घेऊ नकोस." तो शब्द त्यांनी देवाच्या आज्ञेसारखा पाळला. कोणीही यावे, बोनेट उघडावे. मिस्त्री पिंपातून मापटे भरून आणीत आणि कमी पडलेले वरून घालून देत. फुकट. हसतमुखाने. दिवसभरात तेवढाच काय तो एक क्षण, जेव्हा त्यांचे नाक सरळ असे.

फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे दान करताना वास घ्यायची फेरी नसे, आणि त्यांची नजर खाली गाडीतल्या कूलंटच्या बाटलीकडे नसे. ती घेणाऱ्याच्या तोंडाकडे असे.

समोरच, गल्लीच्या पलीकडे, त्यांच्या मेहुण्याचे गॅरेज होते. बायकोचा हा धाकटा भाऊ. मिस्त्रींच्याच हाताखाली शिकला, सात वर्षांपूर्वी वेगळा झाला. त्याच्या दुकानात तेलाचे ओघळ, सिगारेटची थोटके, एक पाना शोधायला तीन पाने उचलावे लागत. त्याच्या फळीवर गळती बुजवणाऱ्या पावडरीचे डबे असत. रेडिएटरमध्ये ती टाकली की चार दिवस गळती थांबते आणि पाचव्या दिवशी साऱ्या नळ्यांत चिखल बसतो. मिस्त्री त्या डब्यांकडे गल्ली ओलांडून पाहत आणि थुंकत.

तीन वर्षांपूर्वी एका टॅक्सीवाल्याचे इंजिन भर रस्त्यात तापून जाम झाले. मिस्त्रींनी रेडिएटर उघडला तर आत तपकिरी, बुळबुळीत, सायीसारखा गाळ. टॅक्सीवाला दोन्ही दुकानांत जात असे. मिस्त्रींनी चौकशी केली नाही. त्यांच्या नाकाने निकाल दिला. तो गाळ डबड्यात भरून त्यांनी मेहुण्याच्या पायरीवर ओतला आणि साऱ्या गल्लीदेखत म्हणाले, "ही तुझी कमाई. आजपासून तुझ्या घरचं पाणीसुद्धा मला वर्ज्य."

नवऱ्याने पाणी वर्ज्य केले, तिथे बायकोने कशी पायरी चढावी? तिची म्हातारी आई त्या भावाजवळच राहत होती. तीन वर्षे ही माउली आईला भेटे ती दवाखान्याबाहेरच्या बाकावर, दर गुरुवारी, तपासणीची वेळ साधून. चाळीस पावलांवर आईचे घर, आणि भेट मात्र तिऱ्हाइताच्या बाकावर! मागच्या गुरुवारी म्हातारीने विचारले होते, "माझी खोली अजून आठवते का तुला?" हे तिने घरी येऊन सांगितले. मिस्त्री चिंध्यांच्या घड्या घालीत राहिले.

अशा त्या दारात एका सोमवारी नर्सबाई आल्या. बाई घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धूत, पट्ट्या बदलीत. त्यांची छोटी पांढरी गाडी चार वर्षे मिस्त्रींच्याच हातची होती. त्या गाडीतून उतरल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"काका, आज माझ्या हातून माणूस गेलं असतं."

"काय झालं?"

"काच. आतून धुकं धरतं. पुसलं की पुन्हा. वळणावर एक आजी होत्या, दिसल्याच नाहीत. हातभर अंतर राहिलं. आणि वास. गोड, चिकट. सरबत सांडून महिना झाल्यासारखा. काल सडलेली टाच धुतली तेव्हा काही वाटलं नाही मला. गाडीत बसले आणि ओकले."

मिस्त्रींनी दार उघडले, आत डोके घातले आणि झटक्यात बाहेर काढले. "शी! शी शी शी! हे गाडीत बसून तुम्ही हिंडताय?"

"अजून सहा जण वाट बघतायत माझी. बसनं गेले तर संध्याकाळपर्यंत दोन होतील."

"बसनंच जा. ही गाडी आज रस्त्यावर जाणार नाही."

पण बाई गेल्या नाहीत. सहांपैकी चार त्यांनी फोन करून सोबतीणीकडे दिले, आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून राहिल्या.

इंजिन निवेपर्यंत मिस्त्रींनी बाहेरून शोध घेतला. गाडीखाली पुठ्ठा सरकवला, कोरडा. पाइपांचे सांधे चाचपले; कोरडे. पाण्याचा पंप आरसा धरून पाहिला, कोरडा. मग त्यांनी ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचा गालिचा उचलला, आणि त्यांच्या घशातून असा आवाज आला की बाईंनी सवयीने बादली सुलटी करून त्यांच्यापुढे धरली.

गालिच्याखाली तळे साचले होते. बोटांना लागले ते ना पाणी, ना तेल. शेंबडासारखे लांबणारे, त्यात केस, वाळू, एक मेलेले झुरळ, आणि त्यावर तो गोडसर वास, जणू घाणीने अत्तर लावले आहे. मिस्त्रींनी हात धुतला. पुन्हा धुतला. तिसऱ्यांदा धुताना बायको आतून म्हणाली, "अहो, कातडी ठेवा जरा."

इंजिन थंड झाल्यावर रेडिएटरचे झाकण निघाले. आत कंपनीने भरलेले लालसर, स्वच्छ पाणी दिसायला हवे होते. दिसली ती तपकिरी साय. मिस्त्रींनी बोट बुडवले. साय बोटाबरोबर वर आली आणि परत आत पडली. प्लप्.

त्यांनी झाकणाच्या जागी दाब मोजायचा हातपंप बसवला, दाब भरला आणि काट्याकडे पाहत राहिले. काटा हळूहळू उतरू लागला. बोनेटखाली कुठे थेंब नाही. पण डॅशबोर्डच्या मागे, अगदी आत, टप्. थोड्या वेळाने टप्. गाडीत ऊब देणाऱ्या हीटरची तळहाताएवढी जाळी तिथे असते; तीतून हेच पाणी फिरते. गाळाने ती तुंबली होती, आणि तुंबलेली जाळी आतून कुजून फुटली होती; तिचीच वाफ काचेवर धुके धरीत होती.

निदान झाले. आता मिस्त्रींचा संताप गल्लीत उतरला. बोटावरची साय तशीच ठेवून ते दारात गेले आणि समोर ओरडले, "अरे ए पावडरवाल्या! बघ तुझं पुण्य! आज एका म्हातारीच्या जिवावर उठलं होतं!"

मेहुणा एका गाडीखालून सरपटत बाहेर आला. त्याने कपाळ पुसले. ते अधिकच काळे झाले. "कुणाची गाडी, भावजी?"

"नर्सबाईंची!"

"त्या गाडीला मी हात लावलेला नाही."

"हात लावलेला नाही म्हणे! तुझ्या हाताला घाण लागली तरी तुला लाज कुठं आहे!"

"काका," मागून नर्सबाई म्हणाल्या, "ते खरं सांगतायत. माझं बोनेट तुमच्याशिवाय कुणी उघडलेलंच नाही. चार वर्षांत."

मिस्त्री वळले. साय बोटावरून मनगटावर आली होती.

"कुठंतरी पाणी भरून घेतलं असेल. पेट्रोलपंपावर."

"नाही हो. पाणी तर दर सोमवारी तुम्हीच घालता." बाई उठून जवळ आल्या. त्यांनी मिस्त्रींचा हात धरला आणि ती साय जखमेकडे पाहावे तशी शांतपणे पाहिली. "आमच्याकडे पू दिसला की आम्ही शी नाही म्हणत. विचारतो, किती दिवस झाले? काय काय लावलंत? काका, ह्याला किती दिवस झाले असतील?"

"वर्ष तरी."

"आणि सोमवारी सोमवारी पाणी कमी व्हायला लागलं त्याला सहा महिने झाले. तुम्ही घालत गेलात. ते जातं कुठं, हे तुम्ही मला विचारलं नाहीत, आणि मीही तुम्हाला विचारलं नाही."

मिस्त्री पिंपाकडे पाहू लागले. नव्या गाड्यांत कंपनी लाल पाणी घालते, हे त्यांना ठाऊक होते. लाल आणि हिरव्याची जात निराळी, हेही कधी तरी कानावरून गेले होते. पण कान नाकाइतका तेज नव्हता; आणि आईच्या शब्दाने भरलेले पिंप कोणाचे वाईट करील, हा विचारसुद्धा त्यांना घाण वाटला असता.

"हिरवं चांगलं आहे," ते म्हणाले. "बावीस वर्षं घालतोय."

"मग करून बघा," आतून बायको म्हणाली. तिच्या हातात दोन काचेच्या बाटल्या होत्या, उकळून घेतलेल्या. "एकात नुसतं हिरवं. एकात अर्धं हिरवं, अर्धं लाल."

"लाल कुठं आहे आपल्याकडे?"

"धाकट्याकडे आहे."

तिने एक वाटी उचलली आणि दाराकडे चालू लागली. मिस्त्रींनी तोंड उघडले. बोटावरची घाण त्यांच्या डोळ्यांपुढे होती. ते दारातून बाजूला सरले. तीन वर्षे जी चाळीस पावले सात समुद्र झाली होती, ती माउलीने वाटी हातात धरून ओलांडली. वाटीभर पाणी ओतायला किती वेळ लागावा? ती अर्ध्या तासाने परतली. वाटी काठोकाठ भरलेली होती, आणि डोळे लाल होते.

दोन्ही बाटल्या चुलीवरच्या गरम पाण्यात ठेवल्या. मिस्त्री समोर बसले. जेवले नाहीत. एक वाजता दोन्ही बाटल्या स्वच्छ होत्या. मिस्त्रींचा चेहरा थोडा खुलला. दोन वाजता मिश्रण गढूळले. तीनच्या सुमारास बुडाशी काही तरी जमू लागले: आधी धुरासारखे, मग दह्यासारखे, मग तीच ती तपकिरी, लोंबती, बुळबुळीत साय. शेजारच्या बाटलीतले एकटे हिरवे मात्र पाचूसारखे निर्मळ. लालही निर्मळ असते. दोन निर्मळांना न विचारता एकत्र कोंबले, आणि घाण जन्मली.

मिस्त्रींनी बाटली नाकाशी नेली.

"शी," ते म्हणाले.

बावीस वर्षांत त्यांनी हा शब्द हजारो वेळा उच्चारला होता. पण तो दर वेळी बाहेर जाई. आज तो आत गेला. टॅक्सीवाल्याचे इंजिन आठवले. पायरीवर ओतलेले डबडे आठवले. दवाखान्याबाहेरचा बाक आठवला. त्यांना खरोखरच उमासा आला, आणि नर्सबाईंची ती बादली शेवटी त्यांच्या उपयोगी पडली.

तोंड धुऊन ते उठले आणि बाटली घेऊन गल्ली ओलांडू लागले. मेहुणा पायरीवर बसून पाव खात होता, काळ्याच हातांनी. मिस्त्रींच्या नाकाची उजवी बाजू वर जाऊ लागली. त्यांनी ती बोटाने दाबून धरली.

"हे बघ," ते म्हणाले.

"बघितलंय मी. तीन वर्षांपूर्वी. तुम्ही माझ्या पायरीवर ओतलंत ना, ते मी फेकलं नव्हतं. पावडरीचा गाळ खरखरीत असतो, भावजी. हा बुळबुळीत होता."

"मग बोलला का नाहीस?"

"आलो होतो. तुम्ही तोंडावर शटर ओढलंत. माझा अंगठा सापडला होता, हा बघा, नख अजून वाकडं आहे."

"साऱ्या गल्लीला ओरडून सांगायचं होतंस!"

"आणि तुमचं दुकान बसलं असतं तर ताई कुठं गेली असती? माझ्याकडं?" त्याने पावाचा तुकडा मोडला. "मागोमाग तुम्हीही आला असतात, अन् नाकानं रोज माझ्या चिंध्या तपासल्या असत्यात. अन् खरं सांगू? तुम्ही ते मापटं घेऊन पुण्यवानासारखे निघायचात ना, ते बघून जरा मजाही यायची. ते माझं चुकलं. लोकांच्या गाड्या होत्या."

मिस्त्री त्याच तेलकट पायरीवर बसले, धुतलेल्या पँटसकट. "माझं चुकलं," ते म्हणाले. "तुझ्यावर घाण टाकली ती माझी होती."

मेहुण्याने उरलेला पाव पुढे केला. त्यावर काळ्या बोटाचा स्पष्ट ठसा होता. मिस्त्रींनी त्या ठशाकडे पाहिले, डोळे मिटले आणि खाल्ला. गिळताना त्यांचा चेहरा असा झाला की मेहुणा हसून हसून पायरीवरून घसरला.

"आणि ती पावडर?" गिळून झाल्यावर मिस्त्रींनी विचारले.

"वाईटच आहे ती. लोक मागतात म्हणून ठेवतो."

"टाकून दे."

"तुम्ही पिंप रिकामं करा, मी डबे टाकतो."

ते पाणी गटारात ओतायचे नसते. ते विषारी असते, आणि गोड म्हणून कुत्री-मांजरे चाटतात. दोघांनी ते झाकणाच्या कॅनांत भरून बाजूला काढले. मग दोघांनी मिळून नर्सबाईंची गाडी सोलली. डॅशबोर्ड उतरला, फुटकी जाळी निघाली. तिच्या पोटातून निघालेल्या गाळाचे वर्णन करण्यापेक्षा मौन बरे. मिस्त्री एकदाही शी म्हणाले नाहीत. मेहुण्याला ते सहन होईना, तोच म्हणाला, "भावजी, एकदा तरी म्हणा, चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय." गरम पाणी नळ्यांतून फिरवले, सोडले; तपकिरी. पुन्हा फिरवले, पिवळट. सातव्या खेपेला काचेच्या बाटलीत पाणी धरले तर पलीकडे मेहुण्याचा मळका चेहरा स्वच्छ दिसला. नवी जाळी बसली, नुसते लाल पाणी भरले, दाबाचा पंप लावला. काटा जिथे ठेवला तिथे राहिला. दहा मिनिटे राहिला.

दिवे लागता लागता नर्सबाई गाडीत बसल्या. मिस्त्री खिडकीशी वाकले. "बाई, गाडीत विष मी कालवलं. तुमच्या हातून माणूस गेलं असतं तर ते माझ्या हातून गेलं असतं."

बाईंनी काचेवर फुंकर मारली. धुके आले आणि विरले. "जखम धुतलीत ना तळापर्यंत? मग आता रोज बघत राहायचं. माझे दोन पेशंट अजून बाकी आहेत, काका." आणि त्या गेल्या.

मिस्त्रींनी दाराबाहेर फळा टांगला, आपल्या सुवाच्य अक्षरात: "ज्यांच्या गाडीत मी वरून हिरवे पाणी घातले, त्यांनी गाडी घेऊन यावे. गाळ धुऊन देईन. चूक माझी आहे." पहिल्या आठवड्यात नऊ गाड्या आल्या. पुढच्या सोमवारी ते स्वतः टॅक्सीवाल्याच्या घरी गेले. त्याने दारात उभे करून जे ऐकवले, ते त्यांनी खाली मान घालून ऐकले. त्याचा राग आजही गेलेला नाही, आणि तो जावा असा आग्रह मिस्त्रीही धरीत नाहीत. पिंप कोपऱ्यातच आहे, आता साध्या पिण्याच्या पाण्याचे. आईचा शब्द मोडला नाही. मापटे भरण्याआधी नजर खाली न्यायला तेवढे ते शिकले.

आणि लगेचच्या गुरुवारी दवाखान्याबाहेरचा बाक रिकामा होता. लेक आईच्या खोलीत बसली होती. म्हातारीने जावयाला आत बोलावले, कळकट पेल्यातून पाणी दिले आणि त्यांच्या नाकाकडे रोखून पाहत राहिली. नाक हलले नाही. "शिकलाय," ती लेकीला म्हणाली.

हे कृपावंता, ह्या मिस्त्रीचे नाक तेज राहो, आणि त्याहून तेज राहो त्याची खाली वळलेली नजर. त्याच्या बायकोला आईचे दार सदैव उघडे असो. मेहुण्याचे हात काळे असोत, मन असेच उजळ राहो. त्या म्हाताऱ्या माउलीचे गुरुवार वाढोत, नर्सबाईंच्या काचेपुढचा रस्ता स्वच्छ दिसो. आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या त्या एका घराण्यात पाणी मागणाऱ्याला पाणी मिळो: निर्मळ, पारखलेले, आणि जिव्हाळ्याने दिलेले.